भाऊबिजेची खुर्ची

राजेंद्र नानासाहेब दांडगे. वय अठ्ठेचाळीस. राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर. आधार कार्डावर अजून औरंगाबाद. उंची मध्यम, वर्ण सावळा, ओळखीची खूण म्हणजे डाव्या अंगठ्याचं अर्धंच नख. चिकलठाण्याच्या एका कंपनीत पॅकिंग खात्यात नोकरी, परंतु ती गौण. मुख्य हुद्दा : चार बहिणींचा एकुलता एक भाऊ. नेमणूक जन्मतारखेपासून, कायमस्वरूपी. सदर पदास बढती, बदली व स्वेच्छानिवृत्ती लागू नाही. कार्यक्षेत्र करमाड, देवगाव रंगारी, वेरूळ आणि बजाजनगर. वार्षिक मूल्यमापन कार्तिक शुद्ध द्वितीयेस, दुपारच्या जेवणाआधी.

हे मूल्यमापन बहिणी करतात. पदर चिमटीत धरून त्याच्यावर अंगठा फिरवला की साडी कितीची ते त्यांना कळतं. बिल दाखवायची गरज पडत नाही आणि लपवायची सोय राहत नाही.

काम कसं करायचं याचा एकच नियम राजेंद्रच्या वडिलांनी घालून दिला होता : चारी पोरींना एकसारखं. वडील गेले, नियम राहिला. दरवर्षी एकाच गठ्ठ्यातल्या चार साड्या, एकच पोत, एकच काठ, फक्त रंग निराळे. आणि रंग निवडायचा मान वयाप्रमाणे. त्यामुळे धाकट्या रूपाकडे मेंदी रंगाच्या नऊ साड्या जमल्या होत्या, कारण मेंदी रंग वरच्या तिघी कधीच उचलत नसत.

एकदाच त्यानं बंड केलं होतं. वर्षभर कान उघडे ठेवून कुणाला कशाची नड आहे ते हेरलं आणि साड्यांना फाटा देऊन ज्या त्या नडीची वस्तू आणली. देवगावच्या द्वारकाबाईला दणकट बॅटरी, कारण शेतातून घरी यायची वाट अंधारी. वेरूळच्या मनकर्णाला कंबरेचा पट्टा, कारण ती दिवसभर लेण्यांच्या रस्त्याला उभी राहून कणसं भाजते. बजाजनगरच्या रूपाला कुकर. करमाडच्या थोरल्या चतुराबाईला, म्हणजे आक्काला, चष्म्याची फ्रेम. पैसे साड्यांपेक्षा कमी गेले आणि विचार चौपट लागला. बहिणींचे डोळे भरून येतील असं त्याला वाटलं होतं.

डोळे भरलेच.

"शेजारीण इचारंल, भावानं काय घातलं? तर काय सांगू, बॅटरी?" द्वारकाबाई म्हणाली. "पेटवून दावू का तिला?" मनकर्णाला पट्टा आला म्हणजे ती आता कामातून गेली, असं तिच्या जावांनी ठरवून टाकलं. रूपाचा कुकर सासूनं ठेवून घेतला. मग चौघींनी परस्पर बाजारभाव काढले, त्यात बॅटरी अडीचशेनं हलकी निघाली आणि संक्रांतीपर्यंत राजेंद्रशी कुणी धड बोललं नाही. तेवढ्या अवधीत त्याला एक गोष्ट उमगली. भाऊबिजेची वस्तू बहिणीसाठी नसतेच. ती 'काय घातलं' असं विचारणाऱ्या शेजारणीसाठी असते. बहीण ती फक्त नेऊन दाखवते. पुढच्या वर्षी तो मुकाट्यानं सिटी चौकात इलियासच्या साड्यांच्या दुकानाची पायरी चढला, तेव्हा इलियासनं त्याला खालून वर पाहिलं आणि एवढंच विचारलं, "सुधर गए?"

तेव्हापासून तो सुधारलेलाच होता. यंदाचा दसरा येईपर्यंत.

दसऱ्याला तो सोनं द्यायला आक्काकडे गेला. आक्का सहासष्टची. आई गेल्यापासून चौघींचं माहेर म्हणजे आक्काचंच घर. राजेंद्रच्या दोन खोल्यांत चार बहिणी मावत नाहीत, म्हणून भाऊबीजही तिथंच व्हायची. घर आता घर राहिलं नव्हतं, बंगला झाला होता. आक्काचा मुलगा विश्वजीत शेंद्र्याच्या कंपन्यांना माणसं पुरवायचा ठेका घेई. त्यानं जुनं पाडून जालना रस्त्याला तोंड करून दुमजली बांधकाम उठवलं होतं. त्यात संडास दोन. एक वर, विश्वजीत आणि सायलीच्या खोलीला लागून, कमोडचा. दुसरा अंगणाच्या कोपऱ्यात, जुनाच, उकिडवं बसायचा. वर जायला एकोणीस पायऱ्या. आक्काचे गुडघे तिसऱ्या पायरीला राजीनामा देत.

सायलीनं चहा आणून ठेवला नि ती आत गेली. आक्कानं कप उचलला, राजेंद्रची चौकशी चालू ठेवली आणि बोलता बोलता सगळा चहा शेजारच्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला.

"आक्का, चहा?"

"पेले की."

"कढीपत्ता पेला."

"बहिणीच्या कपात बघायची सवय कधी लागली रं तुला?"

तो हसला आणि हात-पाय धुवायला अंगणात गेला. संडासाचं दार उघडंच होतं. आत नळाच्या पाइपाला, कंबरेएवढ्या उंचीवर, बैलाचा कासरा बांधलेला होता. घरात बैल नाही. बंगला बांधतानाच विकले.

"आक्का, तो कासरा कशाला?"

"टावेल अडकवाया."

कासरा मधोमध, मूठ बसेल तेवढ्या जागी, तेलकट काळा पडला होता. टॉवेलनं दोरी तशी काळी पडत नाही. हे त्याच्या डोक्यात परतीच्या वाटेवर शेंद्र्याच्या फाट्याशी शिरलं आणि त्यानं गाडी बाजूला घेतली. चहा प्यायला की बसावं लागतं. बसलं की उठावं लागतं. आणि उठायला आक्काला बैलाची दोरी लागते.

"संडासाची खुर्ची मिळते," घरी मंजुषा म्हणाली. मंजुषा त्याची बायको. ती कांद्याची पात निवडत होती. "मधे भोक असतं, खाली डबा. शेजारच्या काकांना आणली होती. पण मी म्हणते, विश्वजीतला सांगा ना."

"काय सांगू? तुझी आई दोरी धरून उठती?"

"असंच सांगा."

"त्याच्या दारात, त्याच्या बायकोसमोर? मी मामा आहे त्याचा. फौजदार नाही."

मंजुषानं पात बाजूला सारली, म्हणजे विषय तिनं मनावर घेतला. मग दोघांनी मिळून हे प्रकरण चारी बाजूंनी पाहिलं आणि चारी बाजूंना भिंत निघाली. साडीऐवजी खुर्ची द्यावी, तर ओवाळताना तबकात काय ठेवणार, आणि शेजारणीनं विचारल्यावर आक्का कुठल्या तोंडानं सांगणार? साडी आणि खुर्ची दोन्ही द्यावं, तर उरलेल्या तिघींनी काय घोडं मारलं? चारी साड्या थोड्या हलक्या घेऊन त्यातून खुर्ची काढावी, तर चार अंगठे आहेतच. आणि यातलं काहीच न बोलता खुर्ची नुसती नेऊन ठेवावी, तर ती खुर्चीच बोलते. रस्त्यावर तोंड केलेल्या दुमजली बंगल्यात उभी राहून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की या घरात म्हातारीकडं कुणाचं लक्ष नाही. विश्वजीतचा अपमान मामानं केला असं होईल, आणि त्याची भरपाई आक्का करत बसेल.

"ओवाळणी म्हणून द्यायचीच नाही," शेवटी मंजुषा म्हणाली. "साडी तबकात. खुर्ची वेगळी, बाकीच्या यायच्या आधी, गपचूप."

"पैसे?"

कंपनीनं यंदा बोनस अर्धा दिला होता आणि उरलेल्या अर्ध्याच्या जागी सोनपापडीचा डबा.

"माझ्या पाडव्याचे बाजूला ठेवलेत ना? ते घाला."

"अन् तुला?"

"मला काय, मी कुठं पळून चाललेय का? पळायचं म्हटलं तरी तेवढ्यात भागणार नाही."

राजेंद्र हसला नाही. तीही हसवायला बोलली नव्हती.

साड्या घ्यायला गेला तेव्हा त्यानं इलियासलाच विचारलं, कारण तीस वर्षं बायकांच्या वस्तू विकणाऱ्या माणसाला काही तरी ठाऊक असणार. इलियासनं चार साड्या आधीच काढून ठेवल्या होत्या. वर मेंदी रंगाची. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"अम्मी कू मैंबी लाया था," तो म्हणाला. "सादीच. सफेद, प्लास्टिक की. पहले दिन रोये. बोले, मेरेकू बीमार बना दिया रे तू. दूसरे दिन से बैठ गये. सादीच लेना, राजूभाई. जो है सो दिखना."

सल्ला फुकट होता, म्हणून राजेंद्रनं तो बाजूला ठेवला.

औरंगपुऱ्याच्या पलीकडे औषधांच्या दुकानांच्या रांगेत त्याला दोन प्रकार दाखवले. एक इलियासनं सांगितली तशी : पांढरी, भोकाची, जे आहे ते दाखवणारी. दुसरी स्टीलची, दोन्ही बाजूंना हात, आणि भोकावर तपकिरी रेक्झिनची जाड गादी, झाकणासारखी उचलायची. डबा आत सरकवलेला. "बंद केली की सोफ्यातली वाटते," दुकानदार म्हणाला. "घरात कुणाला कळणारसुद्धा नाही."

राजेंद्रला हवं होतं ते हेच. आक्काची लाज राहील, विश्वजीतचं नाक राहील, शेजारणीला कळणार नाही. तीनशे रुपये जास्त होते. ते त्यानं आनंदानं मोजले. घरी आल्यावर खोक्यावरचं चित्र पाहून त्यानं बावीस वर्षांचा पॅकिंग खात्यातला अनुभव कामाला लावला : खोकं उसवलं, उलटं केलं, चित्र आतल्या बाजूला घेतलं आणि पुन्हा असं चिकटवलं की कंपनीत साहेबानं पाठ थोपटली असती. इतकी मन लावून बांधलेली वस्तू त्यानं आयुष्यात कुणाला दिली नव्हती.

भाऊबिजेला सकाळी साडेआठलाच दोघं करमाडला पोचली. मधे खोकं, मागे मंजुषा, तिच्या मांडीवर साड्यांची पिशवी. बहिणी अकराच्या आत येत नाहीत असा हिशोब होता. अंगणात द्वारकाबाई दात घासत उभी होती. ती आदल्या दिवशीच आली होती.

"आलं का माझं बाळ!" तिनं तोंडातला फेस थुंकला. "एवढं मोठं काय आणलंस रं? टीवी?"

"आक्काचं आहे," राजेंद्र म्हणाला आणि त्याच क्षणी गपचूप हा भाग संपला.

खोकं बैठकीत गेलं. विश्वजीत वरून खाली आला. मनकर्णा आणि रूपाही नेमक्या नवाच्या एसटीनं उतरल्या, कारण त्यांनी संभाजीनगरच्या स्टँडवर गाठ घालून घेतली होती. सायलीनं कात्री आणली. राजेंद्र म्हणत होता की राहू द्या, नंतर, आक्काच्या खोलीत; पण उघडू नका म्हणावं असं खोकं माणसं सगळ्यांत आधी उघडतात.

खुर्ची बाहेर निघाली. सायली गुडघ्यावर बसली होती. तिनं गादीच्या कडेखाली बोटं घातली, ती चार बोटं वर उचलली, आत पाहिलं आणि गादी खाली टेकवली. हे सगळं एवढ्या चटकन की राजेंद्रशिवाय कुणी पाहिलं नाही. मग ती उभी राहिली.

"अगंबाई, काय सुरेख खुर्ची आहे!" ती मोठ्यानं म्हणाली. "अहो, बघा ना. आपल्या हॉलमधेच शोभंल. टीव्हीसमोर."

"आक्कासाठी..." राजेंद्र म्हणाला.

"आईंचा नि आमचा हॉल वेगळा आहे का मामा?"

याला उत्तर होतं, पण ते दिलं तर ते भर बैठकीत, भाच्याच्या तोंडावर, सहा बायकांसमोर द्यावं लागलं असतं. राजेंद्रनं मंजुषाकडे पाहिलं. मंजुषा पंख्याकडे पाहत होती.

"मामा, बसा," विश्वजीत म्हणाला. "उद्घाटन तुमच्याच हातानं. पाट कशाला? आज खुर्चीवर ओवाळू."

"अरे नको, मी खाली..."

"बसा हो! आणली कुणी?"

आणि छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीचा राजेंद्र दांडगे डोक्यावर टोपी, हातात सुपारी घेऊन त्या खुर्चीवर बसला. आधी आक्का आली. पाटावर बसलेल्या भावाला ओवाळायला दरवर्षी तिला वाकावं लागे. आज तो उंचावर असल्यानं वाकावं लागलं नाही. खुर्चीचा आक्काच्या गुडघ्यांना झालेला तो पहिला उपयोग. टिळा लावताना तोल जाऊन तिनं दुसरा हात गादीवर टेकला. गादी जराशी हलली. आक्काचा हात तिथंच थांबला. मग तिनं राजेंद्रकडं पाहिलं आणि टिळा पूर्ण केला. त्यानं तबकात साडी ठेवली. जांभळी.

उरलेल्या तिघींनी ओवाळलं. रूपाला मेंदी रंग मिळाला. पदर चिमटीत गेले, अंगठे फिरले. पोत सारखा निघाला. राजेंद्रचा श्वास सुटतो न सुटतो तोच द्वारकाबाई म्हणाली, "साड्या सारख्या. मग खुर्ची एकटीलाच का?"

"द्वारकावन्सं," मंजुषा म्हणाली, "तुम्हाला पाहिजे का तसली?"

"पाहिजे म्हंजे? गुडघे काय आक्कालाच दिल्यात देवानं?"

"दादा, मला बी," रूपा म्हणाली. "आमच्या हालमधे सगळं प्लास्टिकचं हाय."

मनकर्णानं खुर्चीभोवती एक चक्कर मारली आणि पाठीला टेकून पाहिलं.

जेवणं झाली. बंगल्यात पाहुणे येत राहिले आणि येणारा प्रत्येक जण खुर्चीवर बसून गेला : ग्रामपंचायतीचा सदस्य, सायलीचे वडील, सिमेंटवाला. प्रत्येकाला विश्वजीतनं सांगितलं, "आमच्या मामांनी आणली." प्रत्येकानं राजेंद्रकडं कौतुकानं पाहिलं. शेजारीण आली, तिनं विचारलं, आणि आक्कानं उत्तर दिलं, "साडी घातली, वर खुर्ची." शेजारणीच्या तोंडावर जे उमटलं त्यासाठी भाऊ लोक आयुष्यभर राबतात. राजेंद्रला ते आज पहिल्यांदा मिळालं होतं आणि त्याला तिथून उठून जावंसं वाटत होतं. पण उठला की कुणी तरी बसायला लावत होतं.

निघताना सायलीनं हातात एक पांढरा, गोल, झाकणाचा डबा दिला. जड होता.

"मामा, चिवडा आहे. खुर्चीबरोबर हा आला होता. नवाकोरा आहे, मी धुऊन घेतलाय." ती त्याच्या डोळ्यांत सरळ पाहत होती. "परत आणू नका. आमच्या घरात ह्याचं काम नाही."

"बरं," राजेंद्र म्हणाला.

आक्का फाटकापर्यंत आली, कुंपणाची भिंत धरत.

"राजू, खुर्ची लई झ्याक हाय."

"आक्का, मी विश्वजीतशी बोलतो. आत्ता. एक मिनिट लागंल."

"नगं."

"अगं पण..."

"तू बोलशील अन् गाडीला किक मारशील," आक्का म्हणाली. "मला हितं ऱ्हायचंय." मग तिनं मंजुषाच्या पदरावरचा चिवड्याचा पोहा झटकला. "मंजू, तुला पाडव्याला काय घातलं गं ह्यानं?"

"घातलं की," मंजुषा म्हणाली. "लई भारी घातलं."

चिवडा खमंग होता. तो आठ दिवस ओट्यावर तसाच राहिला. मग मंजुषानं कागदाच्या पिशव्यांत भरून चाळीत वाटला. डबा माळ्यावर गेला. राजेंद्रनं पुढच्या दोन महिन्यांत तीनदा करमाडला फोन लावला. तिन्ही वेळा सायलीनं उचलला, आई झोपल्यात म्हणाली, आणि खुर्चीचं कौतुक केलं. द्वारकाबाईचा मात्र स्वतःहून फोन आला. पुढच्या भाऊबिजेला साडी नको, खुर्चीच हवी, रंग तोच, असं तिनं तिघींच्या वतीनं कळवलं. एकसारखं म्हणजे एकसारखं.

पौषात एका दुपारी आक्का अंगणातल्या संडासाच्या उंबऱ्यावर घसरली आणि तिचं मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, गुडघ्यांचे फोटो काढले आणि कागदावर लिहून दिलं : रुग्णाने खाली बसणे कटाक्षाने टाळावे, कमोडची खुर्ची वापरावी. खाली सही आणि गोल शिक्का. जे भावाच्या तोंडून निघालं असतं तर भांडण ठरलं असतं, ते शिक्क्याखाली आल्यावर औषध झालं. विश्वजीतनं कागद दोनदा वाचला, खिशात घातला आणि त्याच संध्याकाळी औषधांच्या दुकानांच्या रांगेत गेला. येणेप्रमाणे, सदर भावाने दसऱ्यापासून हाती घेतलेले प्रकरण, मध्यंतरीचा विलंब वगळता, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या लेखी आदेशान्वये यथास्थित निकाली निघाले.

विश्वजीतनं दुसरी खुर्ची आणली. पहिली पाहुण्यांसाठी आहे.